पायथागोरसच्या नावावर काय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले प्रमेय, गवंड्याचा ३-४-५, संगीतातली स्वरांची गुणोत्तरे, मांसाहार न करणाऱ्यांचे जुने युरोपीय नाव, दुकानात मिळणारा खोडकर प्याला आणि नावाची स्पेलिंगे बदलायला लावणारे अंकशास्त्र. एवढा सगळा पसारा एकाच माणसाच्या नावावर चढलेला आहे. त्यातले त्याचे स्वतःचे किती, त्याच्या शिष्यांचे किती आणि निव्वळ चिकटवलेले किती, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यासोबत प्रमेय प्रत्यक्ष वापरताना पडणारे प्रश्नही इथे घेतले आहेत.

पायथागोरस खरोखर होऊन गेला का?

हो. इ.स.पूर्व ५७०च्या सुमारास एजियन समुद्रातल्या सामोस बेटावर त्याचा जन्म झाला. इ.स.पूर्व ५३०च्या आसपास तो दक्षिण इटलीतल्या क्रोटन या ग्रीक वसाहतीत गेला आणि तिथे त्याने अनुयायांचा संघ उभारला. पुढे संघाविरुद्ध उठाव झाला, त्याला क्रोटन सोडावे लागले आणि शेवट मेटापॉन्टममध्ये झाला, असे परंपरा सांगते.

अडचण अशी की त्याने लिहिलेले एक अक्षरही आपल्या हाती नाही. त्याच्या काळाजवळच्या लोकांचे उल्लेख आहेत, पण ते त्रोटक आणि बरेचसे तिरकस आहेत. झेनोफनीसने त्याची थट्टा केली: कुत्र्याच्या पिल्लाला कोणी मारत होते, तर हा म्हणाला, थांब, हा माझ्या मित्राचा आत्मा आहे, आवाजावरून ओळखला. हेराक्लिटसच्या मते त्याच्याकडे माहिती पुष्कळ होती, शहाणपण नव्हते. या दोन टोमण्यांतून एवढे नक्की कळते की पुनर्जन्माचा विचार आणि बहुश्रुतपणा यांसाठी तो हयातीतच, किंवा त्यानंतर लगेच, प्रसिद्ध होता. गणिताचा उल्लेख या सुरुवातीच्या साक्षींत नाही.

सविस्तर चरित्रे आहेत ती डायोजीनिस लाएर्टियस, पॉर्फिरी आणि इआम्ब्लिकस यांची. तिघेही इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातले, म्हणजे सातशे-आठशे वर्षांनंतरचे. सोन्याची मांडी, एकाच वेळी दोन गावांत दिसणे वगैरे चमत्कार तिथे भेटतात. म्हणून "पायथागोरस म्हणाला" अशी सुरुवात असलेले कोणतेही वाक्य वाचताना सावध असावे. अॅरिस्टॉटलसुद्धा बहुतेक वेळा त्याचे नाव न घेता "पायथागोरीय म्हणवणारे लोक" असेच लिहितो.

प्रमेय त्याने शोधले का?

नाही. कर्णाचा वर्ग म्हणजे दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंमधला हा संबंध त्याच्या आधी हजार-बाराशे वर्षे बॅबिलोनमध्ये माहीत होता. येल विद्यापीठातल्या एका मातीच्या विटेवर चौरस आणि त्याचे कर्ण कोरलेले आहेत. शेजारी २चे वर्गमूळ साठमान (साठच्या पटीत मोजायच्या) पद्धतीत दिले आहे, ते आपल्या पद्धतीत १.४१४२१३ येते. खरी किंमत १.४१४२१४च्या जवळ, म्हणजे चूक दहालाखांश भागाहूनही कमी. कोलंबिया विद्यापीठातल्या, प्लिम्प्टन ३२२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या विटेवर अशा त्रिकोणांचे १५ ओळींचे कोष्टक आहे. दोन्ही विटा इ.स.पूर्व १८००च्या आगेमागे.

मग त्याने ते निदान सिद्ध केले का? तसाही पुरावा नाही. आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी पद्धतशीर ग्रीक सिद्धता युक्लिडची, इ.स.पूर्व ३००च्या सुमाराची, त्याच्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातले ४७वे विधान. लगेच पुढचे ४८वे विधान म्हणजे व्यत्यास: दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी असेल, तर त्या दोघींमधला कोन काटकोन. बांधकामावर जे वापरले जाते ते हे ४८वे, ४७वे नव्हे. शाळेत दोन्ही एकाच दमात शिकवतात आणि फरक निसटतो.

आनंदाने त्याने बैल बळी दिला ही गोष्टही उशिरा आलेली. प्राण्यांत आपल्या मित्राचा आत्मा ओळखणाऱ्या माणसाने बैल कापला असेल का, हा प्रश्न प्राचीन लेखकांनाही पडला होता.

मग याला बौधायनाचे प्रमेय म्हणावे का?

म्हणायला हरकत नाही, फक्त दावा नेमका असावा. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जे क्षेत्र करते ते दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांनी वेगवेगळे केलेल्या क्षेत्रांच्या बेरजेएवढे असते, असा सर्वसाधारण नियम शब्दांत मांडलेला आहे. पुढे ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५ आणि १५-३६ अशा बाजूंची उदाहरणे येतात. २च्या वर्गमूळासाठीही कृती आहे: १ मध्ये त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. येते ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१६. यज्ञवेदी आखण्यासाठी इतकी अचूकता पुरून उरते.

शुल्बसूत्रांचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पूर्व ८०० ते ५०० यांदरम्यान धरतात. म्हणजे नियम शब्दांत मांडण्याचा मान बौधायनाला देता येतो, पण बॅबिलोनच्या विटा त्याच्याही आधीच्या आहेत आणि शुल्बसूत्रात सिद्धता दिलेली नाही. "आपणच पहिले" म्हणणारे आणि "सगळे ग्रीकांनीच केले" म्हणणारे, दोघेही एकच चूक करतात. त्यांना एकच जनक हवा असतो. दोरी आणि खुंटीने जमीन आखणाऱ्या अनेक समाजांना हा संबंध स्वतंत्रपणे सापडला असणे अगदी शक्य आहे.

लक्षात राहील अशी सिद्धता कोणती?

भास्कराचार्यांच्या बीजगणितातली. एक काटकोन त्रिकोण घ्या आणि त्याच्यासारखे चार कागदी तुकडे कापा. चारही कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे ते फिरवत मांडा. बाहेर कर्णाएवढ्या बाजूचा चौरस तयार होतो आणि मधोमध छोटा चौरस रिकामा राहतो. त्या छोट्याची बाजू म्हणजे त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंमधला फरक.

३ आणि ४ घेऊन पाहा. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६, चारांचे २४, मधला चौरस १ गुणिले १. एकूण २५, म्हणून कर्ण ५. संख्यांऐवजी अक्षरे घेतली की सर्वसाधारण सिद्धता झाली. तुकडे कापताना पुठ्ठा वापरावा. पातळ कागद कडेला वळतो, मधल्या चौरसाचे कोपरे जुळत नाहीत आणि मुलांना वाटते की प्रमेयच थोडे चुकते आहे.

भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी संबंध शिलालेखात नोंदलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या १२०७च्या लेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे म्हटले आहे. दहावीच्या पाठ्यपुस्तकातली सिद्धता मात्र समरूप त्रिकोणांवर चालते. परीक्षेत तीच लिहावी. काटकोनातून कर्णावर लंब टाकायला विसरले की पुढची एकही पायरी उभी राहत नाही.

घराचा पाया आखताना ३-४-५ नेमके कसे करायचे?

आधी एक पक्की बाजू ठरवा, बहुधा रस्त्याकडची, सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडून. तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर खिळा मारा. मापे खिळ्यापासून घ्यायची, खुंटीच्या कडेपासून नाही. दोरी ताणा. ज्या कोपऱ्यात काटकोन हवा तिथल्या खिळ्यापासून या दोरीवर बरोबर ४ मीटरवर खूण करा.

आता त्याच खिळ्यापासून दुसरी दोरी अंदाजाने काटकोनात ताणा आणि तिच्यावर ३ मीटरवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा. ५ मीटरपेक्षा कमी भरले तर कोन आत झुकलेला आहे, दुसऱ्या दोरीचे मोकळे टोक बाहेर सरकवा. जास्त भरले तर आत घ्या. ५ जुळले की लगेच खुंटी ठोकू नका. दोरी पुन्हा ताणल्यावर ३ची खूण सरकलेली असते, ती परत तपासा आणि मगच ठोका.

हाताशी दोन टेप असतील तर काम लवकर होते. एकाचा शून्य कोपऱ्याच्या खिळ्यावर, दुसऱ्याचा ४ मीटरच्या खुणेवर. पहिल्यावरचे ३ आणि दुसऱ्यावरचे ५ जिथे एकमेकांना भेटतात तिथे खुंटी.

फक्की (आखणीची चुन्याची पूड) टाकण्याआधी प्रत्येक रेषा बाहेर मीटर-दीड मीटर वाढवून तिथे जादा खुंट्या ठोकून ठेवा. खोदाई सुरू झाली की कोपऱ्यावरच्या खुंट्या उखडतात आणि सगळी आखणी नव्याने करावी लागते.

३-४-५ केले तरी कोपरा गुण्यात (नेमक्या काटकोनात) येत नाही. का?

बहुतेक वेळा त्रिकोण लहान घेतलेला असतो. फुटांत ३-४-५ घेतले आणि कर्ण मोजताना १ सेंमीची चूक झाली, तर १२ मीटर लांब भिंतीचे दुसरे टोक १६ सेंमीने सरकते. तीच १ सेंमीची चूक मीटरमधल्या ३-४-५ला झाली तर टोक ५ सेंमी सरकते, आणि ६-८-१० मीटर घेतले तर अडीच सेंमी. प्रमेय तिन्ही वेळा तितकेच खरे आहे, पण मापातली चूक लहान त्रिकोणातून मोठी होऊन बाहेर पडते. जागा मिळेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा.

दुसरे कारण उतार. जमीन १० मीटरमध्ये १ मीटर चढत असेल आणि टेप जमिनीलगत धरला, तर आडवे अंतर ९.९५ मीटरच भरते, म्हणजे ५ सेंमी गेले. उतारावर टेप आडवा धरून ओळंब्याने बिंदू खाली उतरवावा लागतो.

तिसरे, टेपचे टोक. स्टीलच्या टेपचा पुढचा हुक किंचित हलतो तो बिघाड नसतो. हुकाच्या जाडीएवढीच ती हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे अडकवून मोजा किंवा टेकवून मोजा, माप तेच यावे. पण खिळ्याला अडकवताना हुक तिरका बसला की दोन-तीन मिलिमीटर जातात. ते टाळायला काही जण १० सेंमीच्या खुणेपासून मोजतात आणि तीनपैकी एका बाजूला ते १० वजा करायचे विसरतात. कोपरा ठार चुकला असेल तर आधी हेच तपासा. याशिवाय कापडी टेप ओढला की लांबतो आणि नायलॉनची दोरी सैल पडते. तिन्ही बाजू एकाच टेपने, एकाच माणसाने मोजाव्यात.

कर्ण सारखे आले म्हणजे आखणी बरोबर, हे खरे का?

अर्धे खरे. समोरासमोरच्या बाजू समान असतील आणि दोन्ही कर्णही समान असतील तरच आयत. नुसते कर्ण समान असले तर समद्विभुज समलंबही निघू शकतो, एक बाजू आखूड आणि समोरची लांब. म्हणून आधी चारही बाजू, मग कर्ण.

३० बाय ४० फुटांचा प्लॉट या कामाला सोयीचा, कर्ण थेट ५० फूट येतो. २० बाय ३०ला ३६ फूट आणि पाऊण इंचाला थोडा कमी. १० बाय १२च्या खोलीला १५ फूट साडेसात इंच. ३० बाय ४०मध्ये दोन कर्णांत २ सेंमीचा फरक निघाला, तर लांब बाजूचे टोक दीड-पावणेदोन सेंमी सरकलेले असते. विटांच्या कामात ते खपते, पण मोठ्या फरशा बसवताना भिंतीलगतची कापपट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती दिसते.

३-४-५ सोडून इतर त्रिकुटे कशी काढायची?

कोणत्याही दोन पूर्ण संख्या घ्या, मोठी आणि छोटी. त्यांच्या वर्गांची वजाबाकी, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि वर्गांची बेरीज, हे झाले त्रिकुट. २ आणि १ पासून ३, ४, ५. ३ आणि २ पासून ५, १२, १३. ४ आणि १ पासून ८, १५, १७. दोन्ही संख्या विषम घेतल्या किंवा दोघींना सामाईक विभाजक असला, तर त्रिकुट चूक ठरत नाही, फक्त एखाद्या लहान त्रिकुटाची पट मिळते. ३ आणि १ घेऊन पाहा: ८, ६, १०.

टीव्ही ४३ इंची, मग ३८ इंचांच्या कोनाड्यात मावेल का?

४३ हा पडद्याचा कर्ण आहे. रुंदी आणि उंचीचे प्रमाण १६:९ असल्याने रुंदी साधारण साडेसदतीस इंच आणि उंची २१ इंच येते. त्यात दोन्हीकडची चौकट मिळवली की ३८च्या कोनाड्यात जेमतेम बसेल, हवा खेळायला जागा उरणार नाही. कोनाडा ४१-४२ इंचांचा करावा.

दोन शहरांमधले अंतरही याच सूत्राने काढता येईल?

तालुक्याच्या नकाशावर बिनधास्त. लांब पल्ल्यात पृथ्वीची गोलाई आडवी येते. सरळ उत्तरेला १००० किमी गेलात आणि तिथून नव्हे, तर मूळ ठिकाणाहूनच दुसरा कोणी काटकोनात १००० किमी गेला, तर सूत्राने तुमच्यातले अंतर १४१४ किमी येते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून ते सुमारे १४११ असते. गोलावर तर तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोणही काढता येतो: ध्रुवावरून विषुववृत्तापर्यंत या, पाव फेरी चाला, परत ध्रुवावर जा.

लोहाराच्या हातोड्यांवरून त्याला सुरांची गुणोत्तरे सापडली, ही गोष्ट खरी का?

गोष्ट खोटी, गुणोत्तरे खरी. आख्यायिका म्हणते की लोहाराकडे १२, ९, ८ आणि ६ वजनांच्या हातोड्यांचे आवाज एकमेकांशी जुळत होते. पण घणाचा आवाज त्याच्या वजनाच्या प्रमाणात बदलतच नाही. त्याच वजनांनी तारा ताणल्या तर तेच स्वर निघतात, हा तिचा दुसरा भागही चुकीचा. ताणाच्या वर्गमूळाप्रमाणे स्वर चढतो, म्हणून वरचा षड्ज हवा असेल तर वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते, आणि पंचमासाठी सव्वादोनपट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी हे दाखवून दिले. तोवर सुमारे दीड हजार वर्षे ही गोष्ट ग्रंथांतून ग्रंथांत उतरत राहिली. कोणी दोन हातोडे घेऊन पाहिले असते तरी पुरे होते.

तारेच्या लांबीचे गणित मात्र पक्के आहे. ९० सेंमीची तार घ्या. ४५वर घोडी (तारेखालचा आधार) सरकवली की तार षड्ज, ६०वर पंचम, साडेसदुसष्टवर मध्यम. गुणोत्तरे २:१, ३:२ आणि ४:३. यात १ ते ४ एवढ्याच संख्या लागतात आणि त्यांची बेरीज १०. पायथागोरीयांना ही रचना इतकी पवित्र वाटे की ते तिची शपथ घेत. प्रयोग करताना घोडी तारेला जेमतेम टेकेल एवढीच उंच हवी. उंच घोडीने तार वर उचलली जाते, ताण वाढतो आणि स्वर चढा लागतो.

पायथागोरीय कॉमा म्हणजे काय, आणि आपल्या संगीताला तो लागू होतो का?

षड्जापासून पंचम, त्या पंचमाला षड्ज मानून पुन्हा पंचम, असे बारा वेळा चढत गेले की सात सप्तकांवरचा षड्ज यायला हवा. तो नेमका येत नाही. दीडचा बारावा घात १२९.७५, दोनचा सातवा घात १२८. थोडे वर जाऊन थांबतो. हा उरलेला तुकडा म्हणजे कॉमा. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर साडेतेवीस सेंट, एका अर्धस्वराच्या पावाला जरासा कमी. कोणतीही युक्ती केली तरी तो नाहीसा होत नाही, कारण ३चा कोणताही घात २च्या कोणत्याही घाताएवढा होऊच शकत नाही. फक्त तो कुठे लपवायचा एवढेच ठरवता येते. अकरा पंचम शुद्ध ठेवले तर बारावा इतका बेसूर होतो की युरोपात त्याला लांडगा म्हणत. बाराही पंचमांतून दोन-दोन सेंट कापले तर आजचा पियानो आणि आजची पेटी.

षड्ज-पंचम भाव आपल्याकडेही पायाभूत आहे, पण पायथागोरीय पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही, आणि याचे कारण गंधार. चार पंचम चढून, सप्तके उतरवून येणारा गंधार ८१/६४, म्हणजे ४०८ सेंट. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा तारेचा पाचवा उपस्वर, ५/४, म्हणजे ३८६ सेंट. पेटीवरचा ४०० सेंट. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला पेटीचा गंधार चढा वाटतो तो या १४ सेंटमुळे, आणि पायथागोरसचा त्याहून चढा वाटला असता. तंबोरा पेटीवर लावायचा झाल्यास फक्त षड्ज घ्यावा. पंचम कानाने लावावा.

अपरिमेय संख्येचे गुपित फोडले म्हणून शिष्याला समुद्रात बुडवले?

त्या शिष्याचे नाव हिप्पासस, गाव मेटापॉन्टम. तो समुद्रात बुडाला ही कथा उशिराच्या ग्रंथांतली आहे, आणि तिथेही त्याचा अपराध एकच सांगितलेला नाही. इआम्ब्लिकसच्या एका उल्लेखात त्याने पंचकोनांनी बनलेल्या बारा पृष्ठांच्या घनाची रचना उघड केली म्हणून तो बुडाला. बुडवले असे नाही, दैवी शिक्षा म्हणून बुडाला असा सूर आहे. गुरुबंधूंनी होडीतून ढकलून दिल्याचे दृश्य त्याहून अलीकडचे. प्रश्नमंजूषेत हे विचारतात आणि "खून" हे उत्तर बरोबर धरतात, त्याला इलाज नाही.

तो शाकाहारी होता का? शेंगा का खात नव्हता?

प्राचीन लेखकांचेच यावर एकमत नाही. काही म्हणतात मांस पूर्ण वर्ज्य, काही म्हणतात ठरावीक अवयव आणि ठरावीक प्राणी वर्ज्य. तरी नाव असे चिकटले की युरोपात मांस न खाणाऱ्यांच्या आहाराला शतकानुशतके पायथागोरीय आहार म्हणत. फ्लॉरेन्सचे वैद्य अँतोनियो कोक्की यांनी १७४३मध्ये याच नावाने पुस्तिका काढली. १८४७मध्ये इंग्लंडात व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली आणि त्यानंतर जुने नाव मागे पडत गेले.

शेंगा म्हणजे बाकला, घेवड्यासारखे एक कडधान्य. कारणे अनेक दिली गेली: पोटात वायू होतो, आत्म्यांशी संबंध आहे, शेंगांनी मतदान होते. आधुनिक काळात जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. ही कमतरता असलेल्या माणसाने बाकला खाल्ला तर तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो, आणि भूमध्य समुद्राकाठी ती बरीच आढळते. आजार खरा आहे, भारतातही आहे, पण बंदीचे कारण तेच होते हा केवळ तर्क. त्याच यादीत विस्तव सुरीने ढोसू नये आणि उजवे पायताण आधी घालावे असेही नियम आहेत. त्यांना वैद्यकीय कारण कोणी शोधत नाही.

पुनर्जन्म त्याने भारतातून नेला का?

तो ब्राह्मणांकडे शिकला असे लिहिणारे लेखक त्याच्या शेकडो वर्षांनंतरचे आहेत. त्याच यादीत इजिप्तचे पुरोहित आणि बॅबिलोनचे ज्योतिषीही आहेत, मोठ्या ग्रीक ज्ञान्याला पूर्वेची यात्रा घडवण्याची तेव्हा पद्धतच होती. कल्पनांतले साम्य खरे आणि विचार करण्याजोगे, पण प्रवासाचा पुरावा म्हणून ते चालत नाही.

पृथ्वी फिरते हे त्याने सांगितले होते का?

त्याने नाही, त्याच्या परंपरेतल्या फिलोलाउसने, इ.स.पूर्व पाचव्या शतकात, आणि तेही सूर्याभोवती नव्हे. त्याच्या मांडणीत मधोमध एक अग्नी होता, त्याच्याभोवती पृथ्वी, सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे. शिवाय आपल्याला कधीच न दिसणारी एक प्रतिपृथ्वी. आकडा दहा भरावा म्हणून ही जादा पृथ्वी घातली, असा अॅरिस्टॉटलचा टोला आहे. पण पृथ्वी केंद्रातून हलवता येते हा विचार टिकला. कोपर्निकसने १५४३च्या ग्रंथात फिलोलाउसचा दाखला दिला, आणि १६१६मध्ये रोमच्या चर्चने त्या ग्रंथावर बंदी घातली तेव्हा आज्ञेत पृथ्वीच्या भ्रमणाला खोटे पायथागोरीय मत असेच म्हटले. ज्याने ते मांडले नव्हते त्याच्याच नावावर ते दोषीही ठरले.

पायथागोरीय अंकशास्त्र त्याचेच का?

नाही. रोमन लिपीतल्या २६ अक्षरांना १ ते ९ आकडे वाटून देणारे ते कोष्टक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्रचारात आले. त्यातली निदान तीन अक्षरे तर त्याच्या लिपीत नव्हतीच. देवनागरी नावाला हे लावायचे म्हणजे आधी इंग्रजी स्पेलिंग ठरवावे लागते: जोशी हे आडनाव शेवटी आय लावून लिहिले तर अंक ७, दोन ई लावून लिहिले तर ८. पद्धत कुठली आणि कोणासाठी बनली हे यावरून समजावे. संख्यांना गूढ अर्थ देणे हे पायथागोरीयांचे होते खरे, पण त्यांचे लक्ष विश्वाच्या रचनेवर होते, गाडीच्या नंबरवर नाही.

त्याच्या नावाने आज काय काय आहे?

सामोसवरचे तिगानी हे बंदराचे गाव १९५५पासून पिथागोरिओ झाले. तिथल्या प्राचीन अवशेषांना १९९२मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत आणलेला १०३६ मीटरचा युपालिनोसचा बोगदा येतो. तो पायथागोरसच्याच शतकातला, पण काम त्याचे नाही. चंद्रावर सुमारे १४० किमी व्यासाचे एक विवर आहे, लघुग्रह ६१४३ आहे. बेसबॉलमध्ये काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून किती सामने जिंकायला हवे होते हे काढतात, त्या सूत्रालाही पायथागोरीय म्हणतात. वर्गांची बेरीज दिसली एवढेच निमित्त, त्रिकोणाचा तिथे पत्ता नाही.

पायथागोरसचा प्याला आणि वासुदेव प्याला एकच का?

यंत्रणा एकच, वक्रनलिकेची. सामोसवर विकतात त्या प्याल्यात मधोमध खांब असतो आणि त्याच्या आत उलट्या यू आकाराची वाट. खुणेपर्यंत भरा, पेय राहते. खुणेवर गेलात की सगळे तळातून वाहून जाते, हावरटाला अद्दल म्हणून. तो त्यानेच बनवला याला पुरावा नाही. आपल्याकडे खांबाच्या जागी डोक्यावर बाळकृष्ण घेतलेला वसुदेव असतो आणि पाणी कृष्णाच्या पायाला लागले की यमुना ओसरते. माझ्या मते कल्पना आपली सरस. तीच युक्ती प्रयोगशाळेतल्या सॉक्सलेट उपकरणात आणि कपडे धुण्याच्या यंत्रातल्या सॉफ्टनरच्या कप्प्यात असते.

घरी करायला प्लास्टिकचा ग्लास आणि वाकणारा स्ट्रॉ पुरतो. तळाला स्ट्रॉ घट्ट बसेल एवढेच भोक पाडा. स्ट्रॉचा लांब भाग त्यातून खाली काढा, वाक काठापासून दोनेक सेंमी खाली ठेवा, आखूड टोक तळापासून ३-४ मिमी वर राहू द्या. भोकाभोवती एम-सील लावा आणि पूर्ण सुकू द्या.

प्याला केला, पण रिकामा होत नाही. काय चुकले?

पाणी वाकापर्यंत पोचायच्या आतच तळातून ठिबकत असेल तर सील नीट बसलेले नाही. पुसून, कोरडे करून पुन्हा लावा, ओल्या प्लास्टिकला ते धरत नाही. वाकावरून नुसती बारीक धार जाते आणि पातळी तिथेच अडते, असे होत असेल तर नळी फार रुंद आहे किंवा पाणी फार सावकाश ओतले. वाकात हवा राहिली की ओढ बसत नाही. ६ मिमीचा स्ट्रॉ घ्या आणि शेवटचे पाणी एकदम ओता. सुरू होऊन अर्ध्यावर थांबत असेल तर आखूड टोक फार वर आहे, पातळी तिथे आली की हवा आत शिरते. आणि सुरूच होत नसेल तर ते टोक तळाला चिकटलेले आहे का पाहा. टोक तिरके कापले की ते चिकटत नाही.